दुर्गे बाई पाणी मागतात

आधी नावं सांगते. दुर्गे बाई, राजन्ना आणि पोसक्का. माझी मनू आज शाळेतून येते, दप्तर खाटेवर टाकते आणि मागच्या दारातून बाहेर पळते, ती या तिघांमुळं. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं नाव त्या दिवशी विचारायचं सुचलं नाही. पण ही तीन नावं मी रोज दिवेलागणीला मनात घेते. पहिलं नाव दुर्गे बाईंचं. बाकीची दोन माणसं भिंतीपलीकडंच राहत होती, पण ती माझ्यापर्यंत पोचायला बाईंची एक चूक ओलांडून यावं लागलं. ती चूकही बाईंनीच मान्य केली, म्हणून त्यांचं नाव पहिलं.

आम्ही आदिलाबादला आलो ते यांच्या कामामुळं. हे कापसाच्या जिनिंग गिरणीत फिटर. माझं माहेर आणि सासर दोन्ही सांगलीकडं, गाड्या बदलत जायचं म्हटलं तर दोन दिवस मोडतात. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती, धाकट्या भावंडांना बघायला घरात कुणीतरी हवं होतं. त्यामुळं इथं आल्यावर दुकानाच्या पाट्या तेलुगूत, बसच्या पाट्या तेलुगूत, आणि मला मराठीसुद्धा बोट ठेवून वाचायची सवय. घाबरून मी पहिले काही महिने घराबाहेर पडले नाही. घर म्हणजे दुर्गे बाईंच्या मागच्या अंगणातली भाड्याची खोली.

बाई मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचे आई-वडील जवळच्या बेला गावाकडच्या शिवारात दुसऱ्याच्या कापसात राबले आणि बाई त्याच भागातल्या शाळांतून शिकवत शिकवत म्हाताऱ्या झाल्या. उंच, सडपातळ, जरा पुढं झुकलेल्या. फळ्याच्या अगदी खालच्या ओळी वाकून लिहिता लिहिता पाठीला तसं वळण पडलं असावं. काळी छत्री बारा महिने हातात. उन्हाळ्यात डोक्यावर, पावसाळ्यात डोक्यावर, आणि थंडीत जमीन टोचायला. खांद्याच्या पिशवीत खडूचा एखादा तुकडा असायचाच. भाजीवाल्याची चूक झाली तर त्याच्याच हातगाडीच्या फळीवर हिशेब मांडून दाखवायच्या आणि वर म्हणायच्या, "तू तिसऱ्या बाकावर बसत होतास ना? तवाबी खिडकीतूनच पाहत होतास."

पिशवीत खडू असायचा, पण पाण्याची बाटली कधी नसायची. इथला उन्हाळा ज्यानं पाहिला आहे त्याला हे किती विचित्र आहे ते कळेल. दुपारी कुत्री गटारात बसून राहतात अशा उन्हात बाई रिकाम्या हातानं निघायच्या. मी एकदा माझी बाटली पुढं केली. त्यांनी ती परत माझ्या पिशवीत ठेवली.

"बाटली असली का मानूस कोनाच्या दारात जात नाई," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट असेल.

करोनानं सगळं बंद झालं त्या उन्हाळ्यात मनू लहान होती आणि तिला दम्याचा त्रास नुकताच सुरू झाला होता. गावाकडचे रस्ते बंद, रेल्वे बंद, औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली. हे आणि मी आळीपाळीनं जागायचो, तिची छाती वरखाली होते का बघत. तेव्हा बाई रोज सकाळी आमच्या उंबऱ्यावर येऊन विचारायच्या, "रातचं कसं गेलं?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय हलायच्या नाहीत. ते दिवस सरले, पण माझी धास्ती सरली नाही. डब्यातले तांदूळ मी उगाच हात घालून चाचपायची.

मग आम्ही दोघांनी ठरवलं. शहराच्या कडेला, जिथं घरं संपतात आणि कापूस सुरू होतो, तिथं एक तुकडा घ्यायचा. दोन खोल्या बांधायच्या, भाजी लावायची, शेळ्या-कोंबड्या पाळायच्या, पाणी आपलं, धान्य आपलं. पुन्हा तसं काही आलं तर दार लावून बसता यावं. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या.

"कोनाच्या दारात जायची पाळी येऊ नये म्हनून जागा घेऊन राह्यली तू?"

"हो बाई."

"उलटं करून राह्यली. कोनाच्या दारात जाता येईन ते पाह्य. मंग जागा घे." त्यांनी सूप झटकलं. "बरं मंग, दाखवजो मले."

त्या भागातल्या मराठी घरांत जागा घ्यायची म्हटलं की "बाईंना दाखवली का?" असं विचारतातच. सातबाऱ्यासारखा इथला कागद पहाणीचा, तो बाई बघायच्या नाहीत. "कागद जावईबापू पाह्यतील, मी जमीन अन् मानसं पाह्यते." जावईबापू म्हणजे आमचे हे. हे नाव बाईंनीच ठेवलं होतं, आणि हे त्यावर लाजायचेही.

पहिली जागा यांना फार आवडली होती. ओढ्याच्या काठाला, काळीभोर माती, बांधावर बाभळी. आमच्याकडं अशी माती बघितली की माणूस पहिल्यांदा चिमूट उचलून बोटांनी चोळतो. यांनी तसंच केलं. "बघा की बाई, नुसतं लोणी हाय," हे म्हणाले.

बाईंनी मातीला हात लावला नाही. उन्हानं जमिनीला भेगा पडल्या होत्या. त्यांनी एका भेगेत छत्री टोकाकडून सोडली. छत्री जात राहिली, जात राहिली, आणि वर फक्त मूठ उरली.

"जावईबापू, पऱ्हाटी लावता का घर बांधता?" पऱ्हाटी म्हणजे इकडं कापसाचं झाड.

"घर."

"मंग ही माती पावसात फुगते अन् उन्हात अशी तोंड वासते. इथं पऱ्हाटी उभी राह्यते, भिंत नाई राहत." त्यांनी छत्री ओढून काढली आणि पदरानं पुसली. मग बाभळीकडं बोट केलं. "अन् ते वर काय लटकून राह्यलं?"

फांद्यांत काड्यांचे पुंजके अडकले होते. हे म्हणाले, "सुगरणीची घरटी असत्याल."

"सुगरन इतकी गबाळी नसते. नीट पाह्या."

हे जवळ गेले. काड्यांत पऱ्हाटीची धसकटं होती, प्लॅस्टिकची पिशवी होती, कुणाची तरी एक चप्पल होती. यांनी हात वर केला तरी बोटं तिथवर पोचेनात. मागच्या पावसाळ्यात ओढा कुठवर चढला होता ते झाडानं लिहून ठेवलं होतं. परत येताना मी मनातल्या मनात मनूला त्या फांदीच्या खाली उभं करून पाहत होते.

दुसरी जागा बेल्याच्या रस्त्याला, चढावर. तांबडी मुरमाड जमीन, एकही हिरवं पान नाही. मला ती रुसलेली वाटली. मी म्हटलं, "बाई, हिथं कोथिंबीर तरी येईल का?"

"माती ट्रॉलीनं आनता येते, सुनंदा. चढ आनता येत नाई."

बाईंनी त्या माळावर अर्धा दिवस काढला. तिथली सगळ्यात म्हातारी कोण ते विचारलं आणि तिच्या खाटेशेजारी बसून आजवर पाणी कुठवर आलं, विहीर कोणत्या महिन्यात तळाला जाते, साप कुठून निघतात, रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात नेलं तर कसं नेलं, सगळं काढून घेतलं. मोठी गाडी वळायला जागा आहे का ते स्वतः चालून बघितलं. आणि मग, ऊन ऐन डोक्यावर आल्यावर, त्या एकेका दारात जाऊन पाणी मागू लागल्या. तेव्हा कुठं मला बाटली न बाळगण्याचं कारण कळलं. त्यांची ती तपासणी होती. दार किती उघडतं, पाणी कशात येतं, देणारी बाई उभी राहते का आत जाते, तुम्ही कोण कुठल्या हे आधी विचारते का नंतर, या सगळ्यावर त्यांचं लक्ष.

समोरच्या घरात शेंडे काकू. भाजीपाला पिकवणारं घर. काकूंनी तांब्या दिला, गुळाचा खडा दिला आणि बाईंना पंखा घालायला लागल्या. शेजारी त्या खाटेवरच्या आजींचं घर, तिथंही पाणी मिळालं आणि वर रागावणं मिळालं, "इतक्या उन्हात काऊन फिरून राह्यल्या?" बाई खूश दिसल्या.

जागेच्या मागच्या अंगाला आणखी एक घर होतं. अंगणात ट्रॅक्टर, दारात कोंबड्या. एक बाई बाहेर आली, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. दुर्गे बाईंनी तिच्याकडं बघून ओंजळ तोंडाशी नेली. "अम्मा, थोडं पानी." तिनं बाईंकडं पाहिलं, छत्रीकडं पाहिलं. मग मान हलवली, नाही म्हणून, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

बाई वळल्या.

"जागा घे," त्या मला म्हणाल्या. "पन त्या बाजूले दार ठेवू नको."

परत येताना बसमध्ये त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. एरवी त्या स्वतःबद्दल काही सांगत नसत. पहिली नेमणूक झाली तेव्हा त्या एका आडगावात गेल्या होत्या, कोवळ्या वयाच्या, एकट्या. खोली बघायला गावात फिरल्या आणि तहान लागली. पहिल्या घरात कोणाच्या म्हणून जात विचारली आणि मग पाणी वरून ओंजळीत ओतलं. दुसऱ्या घरात दार लागलं. तिसऱ्या घरातल्या एका विधवा बाईनं काही न विचारता पेला हातात दिला. बाईंनी तिच्याच शेजारची पडकी खोली भाड्यानं घेतली. हेडमास्तर म्हणाले, याहून चांगली खोली शाळेजवळ आहे. बाईंनी ऐकलं नाही. पुढं तापाची साथ आली तेव्हा त्याच विधवेनं त्यांना पेज पाजून उठवलं.

"तवापासून मी पानी मागते," बाई म्हणाल्या. "ज्यानं नाई देल्लं त्याचा राग नाई मले. आज नाई देल्लं, उद्या देईन. पन रायचं तर आज असते ना?"

आम्ही तो तुकडा घेतला. घर बांधलं, आणि मागची भिंत अख्खी कोरी ठेवली, ना दार ना खिडकी. मिस्तरी म्हणाला, वारा येणार नाही. हे म्हणाले, बाईंनी सांगितलंय.

बाई अधूनमधून बसनं यायच्या. पत्र्याच्या एका पेटीला त्यांनी 'अडचणीचा डबा' असं नाव दिलं होतं आणि झाकणावर खडूनं तसं लिहिलंही होतं. खडू पुसला गेला की आल्यावर पुन्हा लिहायच्या. आत तांदूळ, डाळ, काडेपेटी, मेणबत्त्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, आणि मनूचा दम्याचा पंप. चहाचा कप तोंडाला लावता लावता बाई एकदम म्हणायच्या, "मनू, समज, लाईट गेली." की मनू पळत जाऊन डबा ओढत आणायची. "समज, नाल्याले पूर. समज, बाबा कामावर. समज, तुले दम लागला. कशी बसशील?" मनू गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढं झुकून बसायची, हसत. बाई हसत नसत. मेणबत्ती पेटवून बघायच्या. डाळीत किडा दिसला तर मुकाट्यानं कोंबड्यांपुढं टाकायच्या. मला त्या आल्या की हायसं वाटायचं आणि गेल्या की पुन्हा भीती वाटायची, की आपण काहीतरी विसरलो आहोत.

मागच्या घराशी मात्र आमचा संबंध भिंतीएवढाच. पलीकडून त्यांच्या कोंबड्यांचा आवाज यायचा, ट्रॅक्टर सुरू होताना भिंत थरथरायची. आमची कोंबडी तिकडं गेली तर ती बाई कुंपणावरून परत द्यायची, तोंडानं काही न बोलता. मीही बोलले नाही. नाव विचारलं नाही. बाईंनी ज्या दारावर फुली मारली, ते दार मी कशाला वाजवू?

मग तो श्रावण आला. आभाळ कितीतरी दिवस फाटलं होतं. हे जिनिंगच्या दुरुस्तीच्या कामाला पहाटेच गेले आणि मागून शहराकडच्या रस्त्यावरच्या ओढ्याला पाणी आलं. सकाळी मनूला धाप लागली. वीज नव्हती, वाफेचं मशीन नुसतं टेबलावर बसून राहिलं. तिनं स्वतःच अडचणीचा डबा ओढला, कोपरं टेकून बसली, मी पंप दिला. थोडं बरं वाटलं. मग पुन्हा वाढलं. पुन्हा पंप. या वेळी बरं वाटलं नाही. तिच्या गळ्याच्या खळीत श्वासागणिक खड्डा पडायला लागला आणि ओठांचा रंग बदलला. फोनला रेंज नाही.

मनूला उचलून मी समोर पळाले. शेंडे काकूंनी मनूला मांडीवर घेतलं, काकांनी मोटरसायकल काढली आणि रस्ता बघायला खाली गेले. भिजून परत आले. "पुलावरून पानी वाह्यते. मानूस बी जात नाई." काकू रडायला लागल्या. आजी देवाचं नाव घ्यायला लागल्या. बाईंनी निवडलेली सगळी दारं माझ्यासाठी सताड उघडी होती, आणि त्यातल्या एकातूनही बाहेर जायला वाट नव्हती.

तेवढ्यात मागच्या घरातली ती बाई चिखलातून सगळ्या घराला वळसा घालून धावत आली. डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ. आमच्या कोऱ्या भिंतीमुळं तिला तेवढं लांबून यावं लागलं. भिंतीपलीकडून तिला मनूचा खोकला रोज ऐकू यायचा, आणि आजचा खोकला वेगळा आहे हे तिनं ओळखलं होतं. तिनं मनूच्या गळ्याकडं पाहिलं, आणि मागं वळून हाक मारली. तिच्या नवऱ्यानं, राजन्नानं, ट्रॅक्टर सुरूच ठेवला होता.

ट्रॉली सोडवून नुसताच ट्रॅक्टर. मी एका चाकावरच्या पत्र्यावर बसले, मनूला छातीशी पुढं झुकवून धरलं. ती बाई, म्हणजे पोसक्का, मागं उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ताडपत्री आमच्यावर धरली. रस्त्यानं जाणं शक्यच नव्हतं. राजन्नानं ट्रॅक्टर वरच्या अंगाला, ओढ्याला वरून वळसा घालत माळाच्या कण्यावरून घेतला, आणि जिथं मुरूम संपला तिथं स्वतःच्या उभ्या कापसातून. बोंडं धरायला आलेली झाडं चाकाखाली मोडताना मी बघत होते. त्यानं खाली एकदाही बघितलं नाही. पोसक्का वरून एकच शब्द म्हणत होती, "बिड्डा, बिड्डा," बाळा, बाळा, आणि प्रत्येक वेळी मनू डोळे उघडत होती.

सरकारी दवाखान्यात तिच्या तोंडाला ऑक्सिजन लावला तेव्हा डॉक्टर हिंदीत म्हणाले, "थोडी और देर होती तो..."

दुपारी मनूचा श्वास ठिकाणावर आला. व्हरांड्यात पोसक्का आणि मी भिंतीला टेकून बसलो. तेव्हा मी तिला तिचं नाव विचारलं. आणि मग, मोडक्या हिंदीत, विचारलंच की त्या दिवशी बाईंना पाणी का दिलं नाही. तिनं स्वतःचे दात दाखवले. पिवळे, तपकिरी पट्टे पडलेले.

"हमारा बोअर का पानी," ती म्हणाली. "दात जाता, घुटना जाता. उस दिन अच्छा पानी का घडा खाली था. टीचरम्मा खुद आई थी दरवाजे पर. वो पानी कैसे देती? शरम आया." छत्रीवरून तिनं बाईंना ओळखलं होतं. तिचा भाऊ मराठी शाळेत जायचा, त्याला बाईंनी शिकवलं होतं. दार लोटून ती आत रडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी रस्त्यांवरचं पाणी उतरल्यावर बाई दवाखान्यात आल्या. मनूच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसल्या. मग बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि छत्रीचं बटण उघडत होत्या, लावत होत्या.

"पोसक्का नाव हाय तिचं?"

"हो."

"मले नाव बी माहीत नवतं." पुढं म्हणाल्या, "जिंदगीभर पोरांचे पेपर तपासले मी, सुनंदा. उत्तराची जागा कोरी दिसली का शून्य देऊन टाकायची. कोरी काऊन सोडली रे बाप्पा, असं एकाले इचारलं नाई." आणि मग, "त्या बाजूले दार ठेवू नको, असं मीच म्हनलं ना तुले?"

मी म्हटलं, "बाई, जागा तुम्हीच निवडली. चढ तुम्हीच निवडला. काळ्या मातीत असतो तर ट्रॅक्टरसुद्धा निघाला नसता."

"ते ठीक हाय," बाई म्हणाल्या. "पन पोरगी दाराच्या चुकीनं गेली असती."

मनूला घरी आणलं त्याच आठवड्यात बाई बसनं आल्या. गुडघे दुखत होते, तरी आमच्या घरात न शिरता त्या वळसा घालून मागं गेल्या. मी चार पावलं मागं राहिले. पोसक्का दारात तूर पाखडत होती. ती गडबडून उठली.

बाईंनी छत्री मिटली, चपला काढल्या आणि ओंजळ तोंडाशी नेली. "अम्मा, पानी."

पोसक्कानं हात हलवले. चांगलं पाणी संपलंय, शेंड्यांकडून आणते, असं काहीतरी म्हणाली आणि निघालीच.

बाईंनी तिचा हात धरला. "तुमी जे पेता तेच द्या."

ती हलेना. राजन्ना आतून आला. त्यानंच तांब्या भरून आणला. पोसक्कानं तो त्याच्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि बाईंच्या हातात दिला. बाई पायरीवर बसल्या आणि सगळा तांब्या प्यायल्या, सावकाश, मध्ये न थांबता. मग शाळेतल्या पोरासारखा तो उलटा करून दाखवला. एक थेंब पडला.

"खारं हाय," बाई म्हणाल्या. पोसक्का हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाईंनी तिला शेजारी बसवलं. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच येत होती. बराच वेळ त्या तशाच बसल्या होत्या, मधे तुरीचं सूप.

उठताना बाई पिशवीतून खडू काढून आमच्या मागच्या भिंतीपाशी गेल्या. त्यांनी त्या कोऱ्या भिंतीवर, हात पोचेल तिथवर, एक चौकट ओढली. उभी रेघ, आडवी रेघ, पुन्हा उभी.

"जावईबापू आले का सांगजो," त्या म्हणाल्या. "इथं."

यांनी रविवारी छिन्नी घेतली. राजन्ना मदतीला आला. चौकट बाईंच्या रेघेवरच बसली, रेघेइतकीच वाकडी. आता शेंड्यांच्या विहिरीचं गोड पाणी रोज आमच्या घरातून, त्या दारातून पोसक्काकडं जातं.

पुढच्या हिवाळ्यात बाई अंगणात पडल्या. हाड जुळलं, पण हैदराबादचा मुलगा म्हणाला, आता एकटं राहायचं नाही. तो चांगला मुलगा आहे. त्याचं घर एका उंच इमारतीत, कितव्या तरी मजल्यावर. मी बाईंना विचारलं, तिथं शेजारी कोण आहेत? त्या म्हणाल्या, "दारं हायेत. मानसं अजून पाह्यली नाई."

त्या गेल्या तेव्हा आम्ही बसस्टँडवर गेलो होतो. मुलानं सामान चढवलं. बाई खिडकीशी बसल्या, छत्री दोन गुडघ्यांमध्ये. मनूनं विचारलं, "बाई, समज, बस बंद पडली?" बाई म्हणाल्या, "तर खाली उतरून कोनाच्या तरी दारात जाईन." गाडी सुरू झाली तेवढ्यात पोसक्का खिडकीशी गेली आणि प्लॅस्टिकची एक बाटली वर दिली. तिच्याच बोअरचं पाणी होतं का शेंड्यांच्या विहिरीचं, मला कळलं नाही. मला वाटलं, बाई आता परत करतील. त्यांनी बाटली घेतली, मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. गाडी वळेपर्यंत ते हात मला दिसत होते.

फोनवर त्या म्हणतात, सगळं बरं आहे, लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. दुपारी घरात कुणी नसतं हे मात्र त्यांनी एकदाच सांगितलं आणि विषय बदलला. मला तेव्हापासून झोप लागत नाही. मला लिफ्टची भीती वाटते, शहराची वाटते, पाट्या मला अजून नीट वाचता येत नाहीत. पण बाई, मी येणार आहे. एका दुपारी, ऐन उन्हात, बाटली न घेता येणार आहे. तुमच्या मजल्यावरच्या एकेका दारात उभी राहून पाणी मागणार आहे, आणि जे दार लागेल तिथं, दार काऊन लागलं ते विचारूनच पुढं जाणार आहे.